डोडो नंतर आणा, आधी उंदीर काढा

डोडो प्रयोगशाळेत पुन्हा जन्माला घालणार, ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरते. मॉरिशसमधला हा न उडणारा पक्षी फक्त खलाशांनी खाऊन संपला नाही. जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी त्याची जमिनीवरची अंडी फस्त केली. उंदीर तिथे आजही आहेत. नवा डोडो अंडं घालणार कुठे?

लाखो वर्षं ज्या बेटांवर जमिनीवरचा शिकारी नव्हता, तिथले पक्षी उडायचं सोडून देतात आणि खाली घरटी करतात. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाव बेटावर 1918 मध्ये एक जहाज खडकाला लागलं, उंदीर किनाऱ्यावर आले आणि थोड्याच वर्षांत पक्ष्यांच्या पाच जाती संपल्या. उपाय म्हणून तिथे बाहेरून घुबडं आणून सोडली. उंदीर काही संपले नाहीत. आपल्याकडे घुबड दिसलं की अशुभ म्हणून दगड मारतात, तो शुद्ध अडाणीपणा आहे. ज्वारीच्या शेतात ते हवंच. पण शिकारी प्राणी शेवटची जोडी शोधत बसत नाही, आणि बेटावर तेवढी जोडी पुरते.

मग विष. परभणी-हिंगोलीकडच्या शेतकऱ्याला झिंक फॉस्फाइडची रीत पाठ असते: आधी बिळं लिंपायची, दुसऱ्या दिवशी उकरलेली जिवंत बिळं हेरून तिथे साधा भरडा ठेवायचा, उंदीर सरावले की 96 भाग भरडा, 2 भाग गोडेतेल, 2 भाग पावडर. पोटातल्या आम्लात त्याचा फॉस्फिन वायू होतो आणि उंदीर काही तासांत मरतो. घोटाळा इथेच आहे. ज्याने थोडं चाखलं आणि जो वाचला, तो त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. शेतात शंभरातले नव्वद मेले तरी पीक हाती लागतं. बेटावर उरलेले दहा सगळं पुन्हा भरून काढतात.

म्हणून बेटांवर वापरतात ब्रोडीफॅकूम. आपल्या कृषी केंद्रात मिळणाऱ्या ब्रोमॅडिओलोन या उंदरांच्या विषाचं हे भावंड. यकृत रक्त गोठवणारी काही प्रथिनं बनवतं, पण ती कोरी असतात. त्यांना कार्बोक्सिल नावाचा अणूंचा गट चिकटला तरच ती कॅल्शियम धरतात आणि कामाला लागतात. हा गट चिकटवताना के जीवनसत्त्व वापरलं जातं, त्याचं इपॉक्साइड, म्हणजे वापरून झालेलं रूप, होतं. एक विकर त्या इपॉक्साइडचं पुन्हा जीवनसत्त्व करतं. ब्रोडीफॅकूम नेमकं हे विकर बंद पाडतं. नवी प्रथिनं कोरीच राहतात, पण आधी रक्तात असलेल्यांवर उंदराचे दोन-तीन दिवस मजेत जातात. दुखत नाही, म्हणून तो बिचकत नाही. दहा लाखांत 20 ते 25 भाग एवढंच विष असलेल्या गोळ्या असतात, आणि त्या थोड्याशा खाल्ल्या तरी पुरतं. उंदीर मरेपर्यंत त्याला आणि त्याच्या सोबत्यांना गोळीचा संशयही येत नाही.

खरं कौशल्य गोळ्या पसरण्यात आहे. एकाही उंदराच्या हद्दीत गोळी पडली नाही, तर सगळी मोहीम पाण्यात. न्यूझीलंडच्या कॅम्पबेल बेटावर 2001 च्या हिवाळ्यात, उंदरांना खायला कमी असताना, 11,300 हेक्टरवर हेलिकॉप्टरने 120 टन आमिष टाकलं. शेजारच्या पट्ट्या एकमेकींवर चढवल्या, म्हणजे मध्ये फट राहू नये. उंदीर संपल्याची खात्री झाल्यावर 2004 पासून तिथलं न उडणारं बदक परत सोडलं. उष्ण कटिबंधात हे गणित बिघडतं: उंदीर बारमाही वितात, शिवाय जमिनीवरचे खेकडे गोळ्या खाऊन टाकतात आणि त्यांना काहीच होत नाही. प्रशांत महासागरातल्या पाल्मायरावर आधीचा प्रयत्न असाच फसला. 2011 मध्ये खेकड्यांचा वाटा धरून हेक्टरी आमिष कितीतरी पट वाढवलं, तेव्हा जमलं.

याची किंमतही असते. विष यकृतात महिनोन् महिने राहतं, त्यामुळे मेलेला उंदीर खाणारा पक्षीही मरतो. लॉर्ड हाववर 2019 मध्ये म्हणूनच वुडहेन हे पाणकोंबडीच्या कुळातले न उडणारे पक्षी आधी पकडून पिंजऱ्यांत ठेवले आणि विष संपल्यावर सोडले. पुढे त्यांची संख्या झपाट्याने वाढली. तरी 2021 मध्ये तिथे पुन्हा उंदीर दिसलेच, आणि वास काढणारे कुत्रे, सापळे, आमिषाचे डबे घेऊन परत कामाला लागावं लागलं.