फोन लाव, फोन हच्चु

बेळगावच्या बसस्टँडवर खानापूरच्या गाडीची वाट बघत बसलो होतो, शेजारच्या बाई त्यांच्या पोराला कन्नडमध्ये म्हणाल्या, "मनीगी फोन हच्चु." घरी फोन लाव. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य आहे, पण त्या दिवशी एकदम डोक्यात आलं की बेंगळूरकडचे आमचे पाहुणे असं म्हणत नाहीत, ते 'फोन माडु' म्हणतात, म्हणजे फोन कर. हच्चु आपल्या भागातलं. आणि हच्चु म्हणजे सरळ सरळ लाव. दिवा लाव, दीपा हच्चु. तेल लाव, एण्णी हच्चु. कुंकू लाव, कुंकुमा हच्चु. मराठीत लाव म्हणतो तिथं बऱ्याच ठिकाणी हे हच्चु येऊन बसलेलंच.

कुठल्या गोष्टीला कुठलं क्रियापद लागतं, या विषयात मी शिरलो तो इंग्रजीच्या पुट या क्रियापदामुळे. भाचीला शाळेत पुट म्हणजे ठेवणे असं पाठ करायला सांगितलं होतं, आणि तिनं वहीत 'चहात साखर ठेव' असं लिहून आणलं. तिचं चुकलं असं मला वाटत नाही, एका शब्दाला एक शब्द असं शिकवलं की हेच होणार. स्वयंपाकघरात तिला घेऊन गेलो आणि एकेक वस्तू हातात देऊन विचारत बसलो. कप टेबलावर ठेवतो. साखर चहात घालतो. कचरा डब्यात टाकतो. टिकली कपाळाला लावतो. इंग्रजी माणूस या चारही ठिकाणी पुट म्हणून मोकळा होतो, आपल्याला चार क्रियापदं लागतात. मग तीच म्हणाली, "मामा, पातेल्यावर झाकण ठेवतात पण डब्याला झाकण लावतात." मला हे कधी सुचलं नव्हतं! पातेल्यावरचं झाकण नुसतं वर असतं, उचललं की निघतं, डब्याचं गच्च बसतं. म्हणजे वस्तू कुठं गेली एवढंच नाही, ती कशी बसली हेही आपलं क्रियापद सांगतं.

नेमकी हीच गोष्ट कोरियन भाषेत फार ठळक आहे. सुंजा चोई आणि मेलिसा बोवरमन या दोघी भाषा-अभ्यासकांनी 1991 साली त्यावर गाजलेला अभ्यास केला. कोरियनमध्ये क्किदा असं एक क्रियापद आहे, ते घट्ट बसण्यासाठी. कॅसेट तिच्या डबीत बसवली तरी क्किदा, अंगठी बोटात घातली तरी क्किदा. सफरचंद वाडग्यात टाकलं तर मात्र वेगळं क्रियापद, कारण ते सैल पडलंय. इंग्रजीत आत गेलं की वर बसलं एवढंच महत्त्वाचं, म्हणून कॅसेट आणि सफरचंद एका गटात आणि अंगठी दुसऱ्या. जर्मनमध्ये आणखी तिसरीच तऱ्हा, बाटली टेबलावर उभी ठेवली तर श्टेलेन, आडवी ठेवली तर लेगेन. आपण उभी आडवी वेगळं सांगतो, ठेवणं तेच राहतं.

मग मूल जन्मताना यातलं काय घेऊन येतं? सुझन हेस्पोस आणि एलिझाबेथ स्पेल्के या मानसशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये नेचर या मासिकात एक प्रयोग मांडला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली पाच महिन्यांची बाळं घेतली, त्यांना एका प्रकारची बसणी, समजा घट्ट, परत परत दाखवली, बाळ कंटाळलं की सैल दाखवायची. बाळं नव्या प्रकाराकडं जास्त वेळ बघत राहिली. म्हणजे जो फरक त्यांच्या आईबापांची भाषा रोजच्या बोलण्यात मोजत नाही तो बाळांना कळत होता. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना विचारलं तर त्यांचं या फरकाकडं तेवढं लक्षच जात नव्हतं. मला हा प्रयोग फार आवडतो. बाळाला सगळ्या खाचा, म्हणजे असले सगळे फरक दिसतात, पुढं भाषा त्यातल्या कुठल्या वापरायच्या ते ठरवते.

आता आपल्याकडं या. कन्नड आणि मराठी ही वेगवेगळ्या कुळातली भाषा, एक द्राविडी, एक संस्कृतकडून आलेली. तरीपण खाचा बघा. खत घालणे, गोब्बर हाकु. पाणी घालणे, नीर हाकु. अंगात सदरा घालणे, अंगी हाकु. साडीला मात्र दोन्हीकडं वेगळं क्रियापद, आपण नेसतो, ते उडु म्हणतात. केसांत फुलं असतील तर परत वेगळं, माळणे आणि मुडि. इंग्रजी बाई साडी, फुलं, चप्पल सगळं एकाच शब्दात उरकते.

पण माझ्या मते खरी गंमत लागणे-लावणे या जोडीत आहे. लागणे म्हणजे चिकटणे, लावणे म्हणजे चिकटवणे. कन्नडमध्ये हत्तु आणि हच्चु, तीच जोडी, तोच अर्थ. रडायला लागली, अळाक हत्तिदळु. आता काम चालू असताना इथला कन्नड माणूस विचारतो, "एन माडाकत्ती?" त्यातलं अत्ती म्हणजे हे हत्तुच, 'करायला लागलास' असंच ते आहे. आणि आपण काय विचारतो? "काय करायलास?" पुण्यात काय करतोयस म्हणतील, पण बेळगाव-निपाणीकडं करायलास, जेवायलोय, यायलाय असंच चालतं. त्यातही ते लागणंच आटून बसलंय असं मला वाटतं.

असं का होतं याचं उत्तर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी आपल्या शेजारीच शोधलं, सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावात. 1971 साली त्यांचा अभ्यास छापून आला. तिथं घरात कुणी कन्नड बोलायचं, कुणी उर्दू, कुणी मराठी, आणि बाहेर बाजारात, शेतात मिळून मराठी. पिढ्यानपिढ्या एकच माणूस दिवसातून दहा वेळा भाषा बदलत राहिला, त्यामुळं शब्द ज्याचे त्याचे राहिले आणि वाक्याचा सांगाडा एक झाला. 'पाला जरा कापून घेऊन आलो' हे वाक्य तिन्ही भाषांत तुकड्याला तुकडा जोडून म्हणता यायचं. घरी एक भाषा बोलतो म्हणून दुसरी विसरत नाही कुणी, डोक्यात मात्र खाचांचा एकच साचा ठेवणं सोपं जातं.

सगळंच जुळलंय असंही नाही. आपल्याला भूक लागते, कन्नडमध्ये भूक 'होते', हसिवागेती. समोरच्या अक्कांची नात घरात कन्नड बोलते आणि गल्लीत मराठी, ती परवा दारात येऊन म्हणाली, "काकू, भूक झालीया." काकूंनी तिच्या हातात भाकरी-चटणी दिली आणि आत ओरडून सांगितलं, "अगं, दिवा लाव आता, सांज झाली." पोरगी खाता खाता म्हणाली, "अज्जी हच्याळ." आज्जीनं लावलाय.