हँडलर साखळी (वेब सेवा)

वेब सेवेकडे येणारी विनंती मूळ कोडपर्यंत पोचण्याआधी आणि तिथून निघालेला प्रतिसाद बाहेर पडण्याआधी ज्या लहान घटकांमधून (हँडलरांमधून) ओळीने जातात, त्या ओळीला हँडलर साखळी म्हणतात. लॉगिन तपासणे, लॉग (घडामोडींची नोंद) लिहिणे, हेडर (निरोपासोबतची जादा माहिती) वाचणे ही कामे प्रत्येक सेवेला लागतात. ती सेवेच्या कोडबाहेर काढून एकदाच लिहावीत, एवढाच या रचनेचा हेतू आहे. जावाच्या सर्व्हलेट २.३ प्रमाणकात (२००१) हेच घटक ‘फिल्टर’ या नावाने आले. जँगो, एक्स्प्रेस आणि एएसपी डॉट नेट कोअर या फ्रेमवर्कमध्ये (वेब सेवा लिहिण्याच्या तयार चौकटींमध्ये) त्यांना ‘मिडलवेअर’ म्हणतात.

साखळी बांधायला फारसे कौशल्य लागत नाही. तिचा क्रम कोण ठरवतो आणि एखाद्या हँडलरने मध्येच नकार दिला तर आधी चाललेल्या हँडलरांचे काय होते, हे प्रत्येक फ्रेमवर्कने आपापल्या पद्धतीने ठरवले आहे. बहुतेक चुका तिथेच होतात.

जॅक्स-डब्ल्यूएसचे नियम

या बाबतीत सर्वांत काटेकोर लिहिलेले नियम जावाच्या जॅक्स-डब्ल्यूएस २.० या वेब सेवांच्या प्रमाणकात (२००६) सापडतात. जावा ६ पासून ते जेडीकेचाच (जावाच्या मूळ विकाससंचाचाच) भाग होते; जावा ११ मध्ये (२०१८) ते तिथून काढले गेले आणि आता वेगळी लायब्ररी म्हणून जोडावे लागते. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांच्या जुन्या सोप (एक्सएमएल निरोपांवर चालणाऱ्या) सेवांमध्ये ते अजून रोज चालते.

यात हँडलरचे दोन प्रकार आहेत. लॉजिकल हँडलरला फक्त निरोपातला मजकूर दिसतो, तर सोप हँडलरला हेडरसह संपूर्ण लिफाफा. हँडलरांची यादी असलेल्या फाइलमध्ये ते कसेही मिसळून लिहिले तरी फ्रेमवर्क त्यांची फेरमांडणी करते: आधी सगळे लॉजिकल, मग सगळे सोप. म्हणजे ल१, स१, ल२, स२ असे लिहिले तर प्रत्यक्ष साखळी ल१, ल२, स१, स२ अशी बनते. बाहेर जाणारा निरोप याच क्रमाने जातो, आत येणारा उलट क्रमाने. क्लायंटच्या बाजूने पाहिले तर हे सरळ वाटते. सर्व्हरवर मात्र विनंती हाच आत येणारा निरोप असतो, त्यामुळे यादीत पहिला लिहिलेला हँडलर विनंतीच्या वेळी सर्वांत शेवटी चालतो. ‘सुरक्षा तपासणी सगळ्यात वर लिहिली, तरी ती शेवटी का चालते?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

प्रत्येक हँडलरमध्ये तीन पद्धती (मेथड) असतात: हँडलमेसेज, हँडलफॉल्ट आणि क्लोज. पहिलीने ‘ट्रू’ परत केले की निरोप पुढे जातो. उत्तर अपेक्षित असलेल्या विनंतीवर तिने ‘फॉल्स’ परत केले तर निरोपाची दिशाच फिरते: पुढचे हँडलर आणि सेवेचा कोड वगळले जातात आणि आधी चाललेल्या हँडलरांच्या हँडलमेसेज पद्धती उलट क्रमाने पुन्हा चालतात. कॅशमधून (साठवून ठेवलेल्या उत्तरांतून) परस्पर उत्तर द्यायचे असेल तर हा मार्ग उपयोगी पडतो. प्रोटोकॉल एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) फेकले तरी दिशा फिरते, पण परतीच्या वाटेवर हँडलमेसेजऐवजी हँडलफॉल्ट चालते. ‘फॉल्स’ म्हणजे चूक नव्हे, हा फरक लक्षात न घेता नकार देण्यासाठी नुसते ‘फॉल्स’ परत केले, तर समोरच्याला फॉल्टऐवजी (चूक कळवणाऱ्या निरोपाऐवजी) भलतेच काही मिळण्याची शक्यता असते. क्लोज मात्र, वाट कोणतीही असो, निरोपाला हात लावलेल्या प्रत्येक हँडलरवर चालते. उघडलेली साधने बंद करण्याची खरी जागा तीच.

दोन बारकावे प्रमाणकात स्पष्ट लिहिलेले असूनही हमखास नजरेतून सुटतात. बाइंडिंगकडून (सेवेला प्रोटोकॉलशी जोडणाऱ्या ऑब्जेक्टकडून) साखळी मागितली की तिची प्रत मिळते. त्या प्रतीत हँडलर घालून सेट-हँडलर-चेन न बोलावल्यास काहीच बदलत नाही आणि कुठलीही तक्रारही येत नाही. दुसरा बारकावा सोप हँडलरच्या गेट-हेडर्स पद्धतीचा. आयडीई (कोड लिहिण्याचे साधन) ती आपोआप भरून देते आणि तशी भरलेली पद्धत ‘नल’ (काहीच नाही) परत करते. मग मस्ट-अंडरस्टँड (समजलेच पाहिजे) अशी खूण असलेले सुरक्षा हेडर आले की, पुढे ते वाचणारा हँडलर साखळीत हजर असूनही, फ्रेमवर्क ‘हेडर समजले नाही’ म्हणून विनंती परत पाठवते. त्या हेडरचे नाव या पद्धतीतून जाहीर करावे लागते.

एकच हँडलर अनेक विनंत्यांसाठी वापरला जातो, म्हणून विनंतीची माहिती त्याच्या स्वतःच्या चलांमध्ये ठेवू नये. ती मेसेज-कॉन्टेक्स्टमध्ये (त्या निरोपासोबत फिरणाऱ्या माहितीच्या साठ्यात) ठेवायची. तिथे ठेवलेली गोष्ट मुळात फक्त हँडलरांनाच दिसते; सेवेच्या कोडलाही दिसायला हवी असेल तर तिची व्याप्ती ‘ॲप्लिकेशन’ करावी लागते.

इतर फ्रेमवर्कमध्ये

ॲपाची ॲक्सिस२ या वेब सेवा फ्रेमवर्कने क्रमाचा प्रश्न टप्प्यांनी सोडवला. हँडलर आपला टप्पा सांगतो आणि हवे तर ‘अमक्याच्या आधी’ किंवा ‘तमक्याच्या नंतर’ एवढेच मागतो. त्याला निरोप पुढे पाठवता येतो, रद्द करता येतो आणि स्थगितही ठेवता येतो.

सर्व्हलेट फिल्टरमध्ये प्रत्येक फिल्टर स्वतः ‘पुढचा’ बोलावतो, म्हणून जाताना आणि येताना असे दोन्ही काम एकाच पद्धतीत लिहिता येते. त्यांचा क्रम वेब डॉट एक्सएमएल या मांडणीच्या फाइलमधील मॅपिंगवरून ठरतो. नुसत्या वेबफिल्टर ॲनोटेशनने तो ठरवता येत नाही. विनंतीचा मजकूर एकदाच वाचता येतो हीही अडचण आहे: लॉग लिहिणाऱ्या फिल्टरने तो वाचून टाकला तर पुढे सेवेच्या हाती रिकामा प्रवाह येतो, म्हणून विनंतीला मजकूर साठवून ठेवणारे वेष्टन घालावे लागते.

एक्स्प्रेसमध्ये मिडलवेअर कोडमध्ये ज्या क्रमाने नोंदवले त्याच क्रमाने चालते. उत्तर पाठवले नाही आणि ‘नेक्स्ट’ही बोलावले नाही, तर विनंती लटकून राहते. चूक हाताळणारे मिडलवेअर फ्रेमवर्क ओळखते ते त्याच्या चार आर्ग्युमेंटवरून. चौथे वापरत नाही म्हणून लिंटरच्या (कोड तपासणाऱ्या साधनाच्या) सांगण्यावरून काढून टाकले, की ते साधे मिडलवेअर बनते आणि चुका त्याला वळसा घालून पुढे निघून जातात.

ब्राउझरमधून वापरल्या जाणाऱ्या सेवांमध्ये कॉर्सचे (दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या विनंत्यांना परवानगी देणारे) मिडलवेअर लॉगिन तपासणीच्या आधी ठेवतात. ब्राउझर आधी पाठवतो त्या ‘ऑप्शन्स’ विनंतीत टोकन (लॉगिनची खूण) नसते. तपासणी आधी लागली तर तिला ४०१ (‘लॉगिन नाही’) मिळतो आणि खरी विनंती ब्राउझरमधून निघतच नाही. ऑप्शन्स विनंती न पाठवणाऱ्या पोस्टमनसारख्या चाचणी-साधनातून तीच सेवा व्यवस्थित चालताना दिसते, त्यामुळे दोष क्रमात आहे हे सापडायला वेळ लागतो.