म्बिरा शाळेत आली त्याची गोष्ट

झिंबाब्वेतल्या शाळांमध्ये पारंपरिक संगीत म्हणून मुलांना जी वाद्यं शिकवतात, त्यांत दोन ठळक आहेत: पंधरा पट्ट्यांची न्युंगा न्युंगा म्बिरा आणि लाकडी पट्ट्यांची मारिंबा. शोना समाजात सगळ्यांत जास्त मान आहे तो मात्र तिसऱ्याच वाद्याला, म्बिरा झावाद्झिमूला, म्हणजे 'पूर्वजांच्या म्बिरे'ला. मग शाळेने ही दोनच का उचलली?

म्बिरा म्हणजे जाड लाकडी फळी, तिच्यावर आडव्या दांडीखाली घट्ट अडकवलेल्या, ठोकून चपट्या केलेल्या लोखंडी पट्ट्या. पूर्वजांच्या म्बिरेत त्या बावीस ते अठ्ठावीस असतात. उजव्या हाताची करंगळी फळीच्या भोकातून आत घालायची, दोन्ही अंगठ्यांनी पट्ट्या खाली दाबून सोडायच्या आणि उजव्या तर्जनीने खालून वर छेडायच्या. आवाज मोठा व्हावा म्हणून सगळं वाद्य अर्ध्या भोपळ्यात बसवतात. फळीवर पूर्वी शिंपले बांधत, आता बाटल्यांची बुचं असतात. त्यांच्यामुळे प्रत्येक सुराला एक झणझण चिकटते. तंबोऱ्याची जवारी कानात मुरलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटेल. नवख्याला मात्र वाद्य बिघडलंय असं वाटतं.

वाद्य जुनं आहे. १५८६ मध्ये आजच्या मोझांबिकमधल्या सोफाळाच्या किनाऱ्यावर उतरलेल्या जुआंव दुस सांतुस या पोर्तुगीज धर्मगुरूने नऊ लोखंडी पट्ट्यांच्या 'अंबिरा'चं वर्णन लिहून ठेवलं, ते १६०९ मध्ये छापलं गेलं. सोफाळाचा कारभार तेव्हा गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता.

शिकवणीची वेळ अशी नव्हतीच. 'बिरा' या रात्रभर चालणाऱ्या विधीत पूर्वजांना बोलावण्यासाठी म्बिरा वाजते. मूल आजोबा-काकांच्या बाजूला बसून ऐकायचं, हातांकडे बघायचं. आधी 'कुशाउरा' हा मूळ भाग बसवायचा, मग त्याच्या फटीत गुंफला जाणारा 'कुत्सिन्हिरा'. एक वादक एक भाग धरतो, दुसरा दुसरा, आणि दोन्ही मिळून जी चाल ऐकू येते ती दोघांपैकी एकटा कुणीच वाजवत नसतो. म्हणून शिकणं हेच सोबत वाजवणं होतं. घडवणंही त्याच घरातलं. सायकलचे स्पोक, स्प्रिंगा, जाड तारा ठोकून पट्ट्या होतात. पट्टी दांडीखालून जरा पुढे ओढली की सूर उतरतो, आत ढकलली की चढतो. हे ज्याने स्वतःच्या हाताने करून पाहिलं, त्याला सूर लावणं वेगळं शिकवावं लागत नाही.

ही साखळी वसाहतकाळात तुटली. इंग्रजांविरुद्धच्या १८९६ च्या उठावात नेहांदा या पूर्वजाचा संचार होणारी स्त्री आघाडीवर होती. इंग्रजांनी तिला १८९८ मध्ये फाशी दिलं. ज्या विधीत असे पूर्वज बोलतात, त्याचं वाद्य सत्तेला खुपणारच. मिशनऱ्यांनी म्बिरेला सैतानाची पूजा ठरवलं, आणि आफ्रिकी मुलांच्या शाळा तर बहुतेक मिशनच्याच. शिकायचं तर म्बिरा सोडायची, असा सौदा कित्येक घरांनी केला. त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली, याचं मला आजही वाईट वाटतं.

वळण आलं ते १९६० च्या सुमारास बुलावायो या झिंबाब्वेतल्या शहरात. तिथे आफ्रिकी शाळांसाठी संगीतशिक्षक तयार करायला क्वानोंगोमा महाविद्यालय निघालं. वाद्य कोणतं घ्यायचं? शोना आणि न्देबेले या देशातल्या दोन मोठ्या समाजांपैकी कुणाचंच नसलेलं, म्हणून मारिंबा निवडली आणि वर्गासाठी नव्याने बांधली: चार आकार, पाश्चात्त्य सप्तकाला जुळणारे सूर. म्बिरा शिकवायला आले जेगे तापेरा. मोझांबिकच्या तेते भागात शिकलेली तेरा पट्ट्यांची छोटी म्बिरा त्यांनी आणली आणि तिला दोन पट्ट्या वाढवल्या; तीच ही न्युंगा न्युंगा. ती पूर्वजांच्या विधीशी बांधलेली नव्हती, त्यामुळे वर्गात कुणाची हरकत आली नाही. इथेच शिकलेले दुमिसानी मरायरे १९६८ मध्ये अमेरिकेत सिएटलला शिकवायला गेले. त्यांच्या पद्धतीत पट्ट्यांना एक ते पंधरा आकडे आहेत.

मोठी म्बिरा घराघरांतच राहिली, तीही बहुतेक पुरुषांकडे. साठच्या दशकात स्टेला चिवेशे, पुढे नावाजलेल्या म्बिरावादक, शिकायला निघाल्या तेव्हा बाई म्हणून त्यांना नकार मिळत गेले. शेवटी नात्यातल्या एका वडीलधाऱ्याने शिकवलं. सत्तरच्या दशकात गायक थॉमस मापफुमोंनी म्बिरेच्या चाली गिटारवर आणल्या, त्या स्वातंत्र्ययुद्धात घुमल्या. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि म्बिरा उघडपणे अभिमानाची गोष्ट झाली.

पट्ट्यांच्या आकड्यांमुळे मूल लवकर वाजवू लागतं, हे खरं. पण तयार वाद्य हातात आलं की तार ठोकणं, पट्टी सरकवणं सुटतं. २०२० मध्ये युनेस्कोने मलावी आणि झिंबाब्वेच्या या परंपरेची नोंद केली, त्या नोंदीच्या नावात मात्र वाजवण्याच्या आधी 'घडवण्याची' कला येते.