दोन दुकानांनी परत पाठवलेलं पुस्तक

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास अमेरिकेतल्या एखाद्या 'कॉन'ची, म्हणजे कॉमिक, विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या चाहत्यांच्या संमेलनाची, दारं उघडतात. हॉलच्या एका कडेला ओळीने टेबलं मांडलेली असतात. तिकडच्या भाषेत तिला 'आर्टिस्ट ॲली' म्हणतात. सहा किंवा आठ फुटी टेबल, त्यावर काळं कापड, मागे उभा बॅनर. बॅनरवर तलवार उपसलेली मुलगी आणि तिच्या पाठीमागे अंधार फोडून येणारा उजेड. पुढ्यात स्वतः छापलेल्या एकाच पुस्तकाची चळत आणि फुकट वाटायचे बुकमार्क. खुर्ची असते, पण लेखक दिवसभर उभाच असतो, कारण बसलेल्या माणसापाशी गिऱ्हाईक थांबत नाही. मग गर्दीतून एक बाई येते, पुस्तक उचलते, उलटून मलपृष्ठ वाचते आणि विचारते, 'कशाबद्दल आहे?'

इथे लेखक क्षणभर थबकतो. एका शापित राज्याची गोष्ट आहे, हे तो लगेच सांगू शकतो. ती येशूवरच्या श्रद्धेतून लिहिली आहे, हे आत्ता सांगायचं, नंतर सांगायचं, की सांगायचंच नाही? अमेरिकेतल्या अशा टेबलांपाशी मी बरेचदा रेंगाळलो आहे आणि ते थबकणं पाहिलं आहे. त्यामागे मोठा इतिहास आहे आणि तो माहीत नसेल, तर तो माणूस चुकीच्या जागी येऊन उभा राहिल्यासारखा वाटतो. तसं मुळीच नाही.

धर्मपुस्तक घेऊन गर्दीत जाणं अमेरिकेला नवं नाही. न्यूयॉर्कमध्ये 1825 साली 'अमेरिकन ट्रॅक्ट सोसायटी' स्थापन झाली आणि 1841 पासून तिने पगारी पुस्तकविक्ये गावोगाव धाडायला सुरुवात केली. त्यांना 'कोलपोर्टर' म्हणत. जिथे पुस्तकाचं दुकान नाही, धड रस्ताही नाही, अशा शेतघरांच्या दारात हा माणूस पुस्तकांची पिशवी घेऊन जायचा. ज्याच्याकडे पैसे असतील त्याला विकायचा, नसतील त्याला तसंच द्यायचा. त्याच्या पिशवीत जॉन बन्यनचं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' हमखास असे. म्हणजे मुळातच एक रूपककथा: राक्षस, दलदल, शंकेचा किल्ला आणि त्यातून वाट काढणारा यात्रेकरू.

हेच पुस्तक आपल्याकडेही आलं, आणि तेही त्याच 1841 साली. हरि केशवजींनी त्याचं 'यात्रिकक्रमण' नावाने मराठी भाषांतर केलं. अमेरिकन मिशनरी 1813 पासून मुंबईत होते, छापखाने उभे राहत होते. पुढे 1857 मध्ये बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं, आणि ती विधवांच्या दुःखाइतकीच लेखकाच्या ख्रिस्ती श्रद्धेतून उभी राहिलेली आहे. म्हणून श्रद्धेचं म्हणणं गोष्टीतून सांगण्याचा मार्ग मराठी वाचकाला अपरिचित नाही.

आता दुसरा धागा. 1926 च्या एप्रिलमध्ये ह्यूगो गर्न्सबॅकने 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचं मासिक सुरू केलं. वाचकांची पत्रं छापताना त्यात पूर्ण पत्तेही छापले जात. त्या पत्त्यांवरून वाचकांनी एकमेकांना पत्रं लिहिली, मंडळं काढली आणि 1930 पासून स्वतःची मासिकं काढायला सुरुवात केली. घरच्या घरी प्रती काढायच्या साध्या साधनांवर, हेक्टोग्राफच्या जेलीवरून नाहीतर मिमिओग्राफच्या शाईतून काढलेल्या त्या अंकांच्या थोडक्याच प्रती निघायच्या, टपालखर्च पदरचा. त्यांना 'फॅनझीन' हे नाव नंतर मिळालं. आज कॉनमध्ये स्वतः छापलेलं पुस्तक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला 'हौशी' म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं, की ही सारी चाहतासंस्कृती पदरमोड करून छापणाऱ्यांनीच उभी केली आहे.

पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन 2 जुलै 1939 ला न्यूयॉर्कमध्ये भरलं. माणसं साधारण दोनशे. फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातले कपडे घालून आले होते. आजच्या वेशधारी गर्दीचे ते पूर्वज. पण त्याच दिवशी दारात आणखी एक गोष्ट घडली. 'फ्युचरियन्स' या डाव्या विचारांच्या गटातल्या सहा तरुणांना आत सोडलं नाही. आयोजकांना भीती होती ती पत्रकांची. त्या गटातल्याच एकाने एक पुस्तिका छापून आणली होती आणि ती आत वाटली गेली, तर गोंधळ होईल असं आयोजकांना वाटलं. अडवलेल्यांत फ्रेडरिक पोल होता, सिरिल कॉर्नब्लुथ होता. दोघेही पुढे नामांकित लेखक झाले. म्हणजे संमेलनात आपलं म्हणणं छापून आणावं का, आणलं तर ते गोष्ट म्हणून खपवावं की प्रचार म्हणून वाटावं, हा वाद पहिल्या संमेलनाच्या उंबरठ्यावरच होता.

आणि त्याच 1939 साली, समुद्रापलीकडे ऑक्सफर्डमध्ये ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस एका ननला पत्र लिहीत होते. त्यांची मंगळावरच्या प्रवासाची कादंबरी आदल्या वर्षी आली होती. त्यांनी लिहिलं, की साठेक परीक्षणं आली. त्यातल्या फक्त दोघांच्या लक्षात आलं, की देवदूताच्या पतनाची कल्पना माझ्या मनची नाही, ती ख्रिस्ती परंपरेतली आहे. पुढे ते म्हणतात, की अद्भुतकथेच्या आडोशाने वाचकांच्या मनात कितीही धर्मविचार नकळत पोचवता येईल. टेबलामागच्या आजच्या लेखकांपुढचा पेच या पत्रात आहे. पण लुईस यांच्याजवळ प्रकाशक होता, विद्यापीठातलं स्थान होतं. त्यांना कोणाच्या डोळ्यांत बघून उत्तर द्यायचं नव्हतं.

लुईस आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टोल्किन यांचे चाहते मात्र लवकरच एकत्र आले. 1967 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात ग्लेन गुडनाइट यांनी 'मिथोपोइक सोसायटी' काढली आणि 1970 मध्ये तिचं पहिलं संमेलन झालं. त्याच 1970 च्या ऑगस्टमध्ये सॅन डिएगोत तीन दिवसांचं कॉमिक संमेलन भरलं. ठिकाण यू. एस. ग्रँट हॉटेल, माणसं सुमारे तीनशे, पाहुण्यांत विज्ञानकथाकार रे ब्रॅडबरी आणि कॉमिकचे चित्रकार जॅक कर्बी. आज त्याच सॅन डिएगो कॉमिक-कॉनला सव्वा लाखाहून जास्त माणसं लोटतात.

कॉमिकच्या जगात श्रद्धेला जागा नव्हती असंही नाही. मॅक्स गेन्सने 1942 मध्ये बायबलच्या चित्रकथा काढल्या होत्या, आणि 1970 च्या दशकात 'आर्ची' या लोकप्रिय कॉमिकचे चित्रकार अल हार्टली यांनी 'स्पायर' मालिकेतून आर्ची आणि त्याच्या मित्रमंडळींनाच देवाविषयी बोलतं केलं. ती पुस्तकं मात्र ख्रिस्ती दुकानांत विकली जात. आणि इथूनच फाळणी दिसू लागते.

1950 मध्ये ख्रिस्ती पुस्तकविक्रेत्यांची स्वतःची संघटना झाली आणि पुढच्या काही दशकांत अमेरिकेत पुस्तकांचे दोन वेगळे बाजार तयार झाले. एक चर्चच्या वाचकांचा, दुसरा बाकी सगळ्यांचा. त्यात 1980 च्या दशकाने तेल ओतलं. फासे टाकत मित्रांनी मिळून अद्भुतकथा रचायचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ 1974 पासून मुलांच्या हाती होता. 1982 मध्ये व्हर्जिनियात एका मुलाने आत्महत्या केली. त्याच्या आईने खेळाला दोष देऊन त्याविरुद्ध संघटना काढली. 1984 मध्ये ख्रिस्ती चित्रपत्रकं काढणाऱ्या जॅक चिक यांच्या खिशात मावणाऱ्या पत्रकाने हा खेळ थेट जादूटोण्याकडे नेतो असं चित्रांतून सांगितलं. चेटूक, ड्रॅगन, मंत्र असं काहीही असलेलं पुस्तक कित्येक ख्रिस्ती घरांत वर्ज्य झालं. पंधरा-वीस वर्षांनी हॅरी पॉटरच्या वेळी तेच पुन्हा घडलं. ग्रंथालयांतून काढून टाका अशी मागणी झालेल्या पुस्तकांच्या अमेरिकन यादीत 2000 ते 2009 या दशकात ती मालिका सर्वांत वर होती.

यात सगळ्यात जास्त होरपळला तो मधला वाचक. रविवारी चर्चला जाणारा आणि शनिवारी रात्री मित्रांबरोबर फासे टाकणारा. चर्चमध्ये त्याच्या छंदाकडे संशयाने बघत, छंदाच्या मंडळात त्याच्या चर्चकडे. त्या पिढीतल्या अशा अनेकांनी एक बाजू कायमची लपवली. मला त्यांच्याविषयी मनापासून आपुलकी वाटते, कारण आज टेबलामागे उभे असलेले बरेच लेखक वयाने त्याच पिढीचे आहेत, आणि आपल्याला तेव्हा जे वाचायला मिळालं नाही तेच त्यांनी लिहिलं आहे.

लिहिलं, पण छापणार कोण? ख्रिस्ती प्रकाशकाला त्यात राक्षस जास्त वाटत, बाहेरच्या प्रकाशकाला देव जास्त. या दुहेरी नकाराचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे विल्यम पॉल यंग यांचं 'द शॅक'. मुलांना नाताळची भेट म्हणून 2005 मध्ये त्यांनी ते हस्तलिखित लिहिलं आणि पंधरा फोटोकॉपी प्रती काढल्या. दोन्हीकडच्या मिळून सव्वीस प्रकाशकांनी ते परत पाठवलं. 2007 मध्ये दोन मित्रांनी त्यासाठी 'विंडब्लोन मीडिया' ही छोटी प्रकाशनसंस्था काढली. जाहिरातीवर तीनशे डॉलरही खर्च झाले नाहीत. 2008 च्या जूनमध्ये ते न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिलं होतं आणि पुढे त्याच्या कोट्यवधी प्रती गेल्या. त्याआधी 2002 मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये जी. पी. टेलर या पाद्र्याने मोटारसायकल विकून आपली अद्भुतकथा छापली होती. 'फेबर' या नावाजलेल्या प्रकाशनसंस्थेने ती वर्षभरात उचलली.

हे शक्य झालं ते छपाई बदलली म्हणून. पूर्वी स्वखर्चाने पुस्तक काढायचं तर हजार-दोन हजार प्रती एकदम काढाव्या लागत आणि त्या घरातल्या पलंगाखाली वर्षानुवर्षं पडून राहत. मागणीनुसार एकेक प्रत छापण्याची सोय 1990 च्या दशकाच्या अखेरीस आली, आणि 2007 च्या नोव्हेंबरमध्ये किंडलबरोबर ॲमेझॉनने लेखकांना थेट दार उघडलं. 2008 मध्ये जेफ गर्की यांनी 'मार्चर लॉर्ड प्रेस' सुरू केली, फक्त ख्रिस्ती विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठी. 2013 मध्ये 'रेल्म मेकर्स' या नावाने अशा लेखकांची स्वतःची परिषद भरली, जिथे दिवसा लेखनाची सत्रं आणि रात्री वेश करून जेवण. आपण एकटे नाही हे अनेकांना तिथे पहिल्यांदा कळलं.

आणखी एक लहानशी वस्तू विसरून चालणार नाही. 2010 च्या आसपास 'स्क्वेअर'चा टपाल तिकिटापेक्षा थोडा मोठा पांढरा चौकोन आला. तो फोनच्या हेडफोनच्या भोकात खोचायचा आणि कार्ड घासायचं. तोपर्यंत खिशात रोकड नसलेलं गिऱ्हाईक 'नंतर येते' म्हणून जायचं, आणि कॉनमध्ये 'नंतर' कधी येत नाही.

हिशेब मात्र अजूनही अवघडच आहे. तीनशे पानांचं पेपरबॅक ॲमेझॉनकडून लेखकाला छपाईच्या भावात घ्यायचं, तर 2023 नंतरच्या दरांनी साधारण 4.60 डॉलर, वर पाठवणी. टेबलावर ते 15 ला विकलं, तर हातात दहा डॉलर. टेबलाचं भाडं समजा तीनशे असेल, तर पहिली तीस पुस्तकं भाड्यातच गेली. पेट्रोल आणि हॉटेल अजून धरलेलंच नाही. म्हणून तिथले जाणते सांगतात, की एक पुस्तक घेऊन येऊ नका, मालिकेचे तीन भाग असले की मग या. पहिला भाग कॉनमध्ये विकायचा, उरलेले वाचक घरी बसून मागवतो.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण मुंबईतलंच आहे. अमीश त्रिपाठी यांची शिवावरची पहिली कादंबरी वीसहून जास्त प्रकाशकांनी नाकारली. 2010 मध्ये त्यांच्या एजंटानेच ती छापली. पहिलं प्रकरण वेगळं छापून दुकानाच्या गल्ल्यावर फुकट ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी, 2011 च्या फेब्रुवारीत, दिल्ली हाटमध्ये पहिलं भारतीय कॉमिक कॉन भरलं आणि तिथून पुराणकथा रेखाटणाऱ्या आपल्याकडच्या छोट्या प्रकाशकांनाही टेबल मिळालं. एक फरक आहे. आपल्याकडे शिवाची गोष्ट लिहिणाऱ्याला 'हे धार्मिक आहे का' असं दबक्या आवाजात विचारत नाहीत. राम, कृष्ण, हनुमान चित्रकथांत आधीपासूनच घरचे आहेत. अमेरिकेतल्या त्या लेखकाला ती मोकळीक नाही. त्याच्या पुस्तकाला कोण कुठल्या कपाटात ठेवेल, यावर त्याचं सगळं अडतं.

त्या टेबलापाशी उभी असलेली बाई अजून उत्तराची वाट बघते आहे. गेल्या उन्हाळ्यात मी ज्याच्या बाजूला उभा होतो, तो साधारण पन्नाशीचा गृहस्थ होता. तो म्हणाला, 'एका राज्याची गोष्ट आहे, जिथला राजा मेला असं सगळ्यांना वाटतं.' थोडं थांबून म्हणाला, 'मी चर्चला जातो. वाचताना ते तुम्हाला जाणवेल.' तिने पुस्तक खाली ठेवलं, पुन्हा उचललं. 'माझे वडील पास्टर होते,' ती म्हणाली, 'माझी ड्रॅगनची पुस्तकं त्यांनी घरामागे जाळली होती.' मग तिने कार्ड पुढे केलं. सही कोणाच्या नावाने करू, असं त्याने विचारलं, तेव्हा तिने वडिलांचं नाव सांगितलं.