उद्याचा बर्फ आज रात्री ठरतो

स्कीइंगचा मोसम संपत आला की सगळ्यांचं लक्ष दुपारच्या पाऱ्याकडे असतं. पण डोंगर ओळखणारा माणूस आदल्या रात्री बाहेर येऊन आकाश बघतो. चांदण्या लख्ख दिसत असतील तर तो पहाटेचा गजर लावतो. ढग असतील तर बेत बदलतो.

हंगाम संपताना बर्फ कमीच असतो असं नाही. बऱ्याच उंच पर्वतांवर थर सर्वांत जाड होतो तो मार्चअखेर-एप्रिलमध्ये. बदलतो तो त्याचा पोत. ऐन थंडीत नुकत्याच पडलेल्या हिमाचा एक घनमीटर 50 ते 100 किलो भरतो, वसंतात दबून, वितळून, पुन्हा गोठून तेवढीच जागा 400 ते 500 किलोंची होते. थर माथ्यापासून तळापर्यंत 0 अंशाला येऊन ठेपलेला असतो. एक किलो बर्फ उणे 5 वरून 0 अंशावर आणायला साडेदहा किलोज्यूल पुरतात, पण तोच वितळवायला 334 लागतात. एवढी उष्णता पचवायची असते म्हणून तर बर्फ आठवडेच्या आठवडे तग धरतो.

दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठायचं तर हीच अप्रकट उष्मा, म्हणजे वितळताना शोषलेली उष्णता, बाहेर पडायला हवी, आणि तिची वाट आकाशातून जाते. डोळ्यांना पांढराशुभ्र दिसणारा बर्फ अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या) किरणांच्या बाबतीत जवळजवळ काळ्या वस्तूसारखा वागतो, म्हणजे उष्णता भरभरून बाहेर टाकतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर ती फारशी परत येत नाही. त्यामुळे हवा 2-3 अंशांवर असतानाही बर्फाचा पृष्ठभाग शून्याखाली जाऊन टणक होतो. ढग आले की तेच किरण खाली परततात, आणि पारा शून्याला टेकला तरी बर्फ ओलाच राहतो. रात्रभर वारा वाहिला तरी गोठण कच्ची राहते, कारण वरची उबदार हवा सतत खाली मिसळत असते.

असं वितळणं-गोठणं काही दिवस नेमानं चाललं की बारीक कण विरघळतात, मोठे कण आणखी फुगतात आणि बर्फ रवाळ होतो. मूठभर उचलून बघा: एक-दोन मिलिमीटरचे गोल, ओलसर दाणे बोटांतून सुटे होऊन घरंगळतात. वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ, खाली पक्का पाया, यापेक्षा सुखाची घसरण नाही. पहाटे तोच उतार काचेसारखा असतो आणि स्कीची धार त्यावर खरखरते. उत्तर गोलार्धात आधी पूर्वेकडचे उतार सैलावतात, मग दक्षिणेकडचे, शेवटी पश्चिमेकडचे. प्रत्येक उताराला जेमतेम तास-दोन तास मिळतात, म्हणून सूर्याच्या मागोमाग उतार बदलत जावं.

ती वेळ टळली की धोका सुरू होतो. झिरपणारं पाणी थरातल्या जुन्या कडक पापुद्र्यावर अडतं, तिथली पकड सोडवतं आणि वरचा जड, ओला थर सुटतो. हे ओलं हिमस्खलन वेगानं कमी, पण वजनानं भयंकर. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडू लागले किंवा बूट घोट्याच्या वर रुतू लागला की तो उतार तिथंच सोडावा. सकाळी स्कीची काठी जोर देऊन खुपसावी: ती पातळ कवच फोडून लगद्यात गेली, तर रात्रीची गोठण वरवरची होती आणि हाताशी वेळ फार थोडा आहे.

पावसानं बर्फ धुऊन जातो हा समज मात्र चुकीचा आहे. 5 अंशांच्या 10 मिलिमीटर पावसात, तो पार थंड झाला तरी, जेमतेम 0.6 मिलिमीटर पाण्याइतका बर्फ वितळवण्याची उष्णता असते. खरा घात करतो दमट, उबदार वारा. बर्फावर एक किलो बाष्प पाणी होऊन बसलं की सुमारे 2,500 किलोज्यूल सुटतात, म्हणजे साडेसात किलो बर्फ वितळेल इतके! उलट दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी होऊ लागतं तो अंश, शून्याच्या बराच खाली असेल तर बाष्पीभवनानं पृष्ठभाग थंड राहतो. म्हणून अंदाजात तापमानाबरोबर दवबिंदूही वाचावा. पावसाचा धोका वेगळा आहे: तो थराचं वजन वाढवतो आणि पकड ढिली करतो.

धूळही बर्फाचा घात करते. ताजा बर्फ 80 ते 90 टक्के सूर्यप्रकाश परतवतो, जुना ओला बर्फ बराच कमी. त्यावर आल्प्समध्ये सहाराची तांबूस धूळ बसते तेव्हा तो आणखी ऊन शोषतो आणि थर लवकर खचतो.

लगद्यात स्की अडखळतात त्याला कारण पाणीच. पातळ थर वंगणाचं काम करतो, पण जास्त पाणी तळाला चिकटून ओढतं. तळावर ठळक खाचा आणि उबदार हवेसाठीचं मेण असेल तर ओढ घटते.

आणि उतरताना पायाखालीही लक्ष हवं. उन्हात तापलेल्या खडकांभोवती पोकळ्या पडतात. ओढ्यावरचा बर्फाचा पूल वाहत्या पाण्यानं खालून पोखरला जातो, वरून मात्र अखंड दिसतो. काठीच्या ठोक्याला पोकळ आवाज आला तर त्यावर पाऊल टाकू नये. आवाज भरीव आला तरी असा पूल पहाटेच ओलांडावा, एकेकानं, अंतर ठेवून.