‘वाजवी प्रवेश’ म्हणजे किती? ब्रिटनमधल्या खासगी कंट्री हाऊसच्या उघड्या दारांमागची पार्श्वभूमी

ब्रिटनमधलं एखादं कुटुंब आपलं ‘कंट्री हाऊस’, म्हणजे गावाकडचं तीन-चारशे वर्षांचं वाड्यासारखं घर, लोकांना पाहायला खुलं करतं, तेव्हा बहुतेकांना तो मालकाचा उदारपणा वाटतो. त्यातली बरीच दारं करामुळे उघडली आहेत. सरकार वारसाकरातून सूट देतं आणि बदल्यात घर, बाग किंवा भिंतीवरचं चित्र लोकांना दाखवण्याची लेखी हमी घेतं. त्या हमीत ‘वाजवी सार्वजनिक प्रवेश’ असे शब्द असतात. जवळजवळ पन्नास वर्षं वाद चालला आहे तो यातल्या ‘वाजवी’वरून.

घर पाहायला जाण्याची रीत तशी जुनी. अठराव्या शतकात बरे कपडे घातलेला प्रवासी दाराशी गेला की हाऊसकीपर त्याला खोल्या फिरवून दाखवायची आणि बक्षिसी घ्यायची. लंडनजवळच्या स्ट्रॉबेरी हिलला आधी तिकीट मागवावं लागे. दिवसाला एकच गट, फार तर चार माणसं, आणि मुलं आणायची नाहीत. पुढे रेल्वे आली. डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थच्या जवळ स्टेशन झालं आणि १८४९ च्या एका उन्हाळ्यात तिथे ८०,००० माणसं येऊन गेल्याचं सांगतात. पण हे सगळं मालकाच्या मर्जीवर होतं. उद्या त्याने दार लावून घेतलं असतं, तर जाब विचारणारं कोणी नव्हतं.

मर्जीच्या जागी हिशेब आला तो मृत्युकरामुळे, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणाऱ्या करामुळे. आपल्याकडेही हा कर १९५३ ते १९८५ होता, म्हणून जुन्या लोकांच्या कानावर हा शब्द असेल. ब्रिटनमध्ये १८७० नंतर अमेरिकेतलं स्वस्त धान्य येऊ लागलं, भाव पडले आणि कुळांकडून येणारा खंड आटला. या घरांचा सगळा डोलारा त्याच खंडावर उभा होता. त्यात १८९४ मध्ये नवा मृत्युकर आला. सुरुवातीला त्याचा सर्वांत वरचा दर ८ टक्के होता, १९१९ मध्ये तो ४० झाला आणि १९४९ मध्ये ८०. चॅट्सवर्थच्या ड्यूकने मुलाच्या हिताची मालमत्तेची व्यवस्था आधीच करून ठेवली होती, पण ती करात धरली जाऊ नये यासाठी त्याने पुढे पाच वर्षं जगणं गरजेचं होतं. नोव्हेंबर १९५० मध्ये तो गेला, तेव्हा मुदत भरायला १४ आठवडे उरले होते. कर लागला तो ८० टक्के. जमिनी गेल्या, मोठ्या कलाकृती गेल्या, हार्डविक हॉलसारखं दुसरं घर करापोटी द्यावं लागलं, आणि सगळं देणं फिटेपर्यंत दोन दशकं उलटून गेली.

दुसऱ्या महायुद्धात अशी अनेक घरं सैन्यासाठी, इस्पितळांसाठी, शाळांसाठी ताब्यात घेतली होती. परत मिळाली तेव्हा छपरं गळत होती आणि माळी-नोकर उरले नव्हते. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये दर काही दिवसांनी एक कंट्री हाऊस पाडलं जात होतं. त्याआधी, १९३७ च्या कायद्याने एक वाट निघाली होती: घर एका मोठ्या धर्मादाय संस्थेला देऊन टाकायचं आणि कुटुंबाने तिथेच भाडेकरू म्हणून राहायचं. ती गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे मालकीच बदलते. इथे प्रश्न आहे तो मालकी न सोडलेल्यांचा.

त्यांच्यासाठी सरकारने १९४८ मध्ये एक समिती नेमली. तिने १९५० मध्ये अहवाल दिला आणि स्पष्ट सांगितलं की अशी घरं सर्वांत चांगली जपली जातात ती त्यात राहणाऱ्या कुटुंबाकडून, म्हणून मालकांना करात सवलत द्या आणि त्या बदल्यात घरं लोकांना दाखवायला लावा. सरकारने सवलतीचा भाग बाजूला ठेवला. १९५३ च्या कायद्याने दुरुस्तीला अनुदान द्यायचं ठरलं, आणि ज्याने अनुदान घेतलं त्याने घर लोकांना दाखवायचं. सार्वजनिक पैशाच्या बदल्यात सार्वजनिक प्रवेश, हा व्यवहार इथून पक्का झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच, जरी लोकांच्या आठवणीत १९४९ मध्ये तिकीट लावून उघडलेलं लॉन्गलीट हे घर आणि १९६६ मध्ये तिथल्या सफारी पार्कात आणलेले सिंह जास्त राहिले.

करसवलतीला १९७० चं दशक उजाडावं लागलं. १९७४ मध्ये श्रीमंतांच्या एकूण संपत्तीवर दरवर्षी कर बसवायचा सरकारी विचार पुढे आला. त्याच वर्षी लंडनच्या एका मोठ्या संग्रहालयात पाडल्या गेलेल्या घरांचं प्रदर्शन भरलं, पुढच्या वर्षी दहा लाखांहून जास्त सह्यांचा अर्ज संसदेकडे गेला. तो कर आलाच नाही. मृत्युकराच्या जागी दुसरा कर आला, त्याचंच १९८६ मध्ये वारसाकर असं नाव झालं, आणि १९७५-७६ च्या कायद्यांनी ‘सशर्त सूट’ आजच्या रूपात बसवली.

शब्द नीट पाहिला पाहिजे. सूट म्हणजे कर पुसून टाकणं नव्हे, तो पुढे ढकलणं. वारसदार हमी देतो: वस्तू देशाबाहेर नेणार नाही, घर नीट राखीन, लोकांना वाजवी प्रवेश देईन. हमी मोडली किंवा वस्तू विकली की कर भरावा लागतो. पुढच्या पिढीत पुन्हा नवी हमी. विसाव्या शतकाच्या आरंभापासून कलावस्तूंना सवलत होतीच, पण तेव्हाच्या अटी वस्तूपुरत्याच होत्या. लोकांना दाखवण्याची अट १९७६ नंतरची.

घरांच्या बाबतीत ‘वाजवी’चा अर्थ फारसा अडला नाही. इंग्लंडमध्ये वर्षाला साधारण किमान २८ दिवस, बहुतेक उन्हाळ्यात, असं अधिकाऱ्यांनी ठरवलं. अडलं ते वस्तूंपाशी. एखादं चित्र मालकाच्या झोपायच्या खोलीत असेल, तर? त्यावर तोडगा म्हणून ‘आधी वेळ ठरवून’ पाहायची सोय मान्य झाली. सूट मिळालेल्या वस्तूंच्या यादीत वस्तूचं वर्णन असे, मालकाचं नाव नसे, संपर्काला वकिलाची कचेरी. मी एकदा अशाच एका चित्रासाठी फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी तीनदा विचारलं की मी अभ्यासक आहे का. नाही म्हटल्यावर पत्र लिहायला सांगितलं. पत्राला उत्तर सात आठवड्यांनी आलं, आणि त्यात दिलेली तारीख मला जमण्यासारखी नव्हती. ज्या चित्रावरचा कर सगळ्या देशाने सोडून दिला आहे ते पाहण्यासाठी आपण कोण आहोत हे सिद्ध करावं लागणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

१९९८ च्या अर्थकायद्याने हे बदललं. नव्या सवलतींना फक्त ‘वेळ ठरवून’ चालणार नाही, ठरावीक काळ वस्तू कुणालाही पाहता आली पाहिजे, आणि हमीतल्या अटी लोकांना कळल्या पाहिजेत, असं आलं. वस्तूचा दर्जाही वाढवला: संग्रहालयात शोभेल एवढं पुरेना, ती आपल्या प्रकारात अग्रगण्य हवी. शिवाय जुन्या हमीपत्रांच्या अटीही बदलता येतील अशी तरतूद झाली. इथेच खटका उडाला. मालकांचं म्हणणं, आम्ही ज्या अटींवर सही केली त्या तुम्ही मागाहून कशा बदलता? घराचा पत्ता जाहीर झाला की चोर येणार, विमा वाढणार, पहारा ठेवावा लागणार. पुढच्या दशकात दोन मालकांचं प्रकरण निवाड्याला गेलं. कागदोपत्री ते फक्त ‘ए’ आणि ‘बी’ आहेत. निकाल कर खात्याच्या विरोधात गेला: सुचवलेल्या बदलांचा भार त्यातून लोकांना होणाऱ्या फायद्यापेक्षा जास्त आहे, म्हणून ते न्याय्य नाहीत. चोरीची भीती खरी आहे, हे मान्यच. पण त्या तराजूत लोकांच्या बाजूने काय टाकलं होतं? किती लोक येतील याचा अंदाज. आणि आजवर लोक आले नाहीत याचं एक मोठं कारण तर ती वकिलाची कचेरीच होती. जुन्या हमीपत्रांखालच्या कित्येक वस्तू त्यामुळे अजून वेळ ठरवूनच पाहाव्या लागतात.

घरांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. आज वारसाकराचा मुख्य दर ४० टक्के आहे, पण खरं ओझं आहे ते दुरुस्तीचं. जुन्या घराच्या दुरुस्तीवर व्हॅट पूर्वीपासून लागतोच, आज तो २० टक्के आहे. संरक्षित इमारतींतल्या मंजूर फेरफारांना असलेली माफीही ऑक्टोबर २०१२ मध्ये गेली. छपरावरचा शिशाचा पत्रा बदलायचा तर तिकिटाच्या पैशातून भागत नाही, म्हणून लग्नं, चित्रीकरण, ख्रिसमसचे बाजार येतात. आणि लग्नाच्या दिवशी घर इतरांना बंद राहतं.

गेल्या काही वर्षांत प्रवेशाबरोबर माहितीचा प्रश्नही आला आहे. घर दाखवता, तर ते कोणाच्या पैशाने बांधलं हेही दाखवा. यॉर्कशायरमधलं हेअरवुड वेस्ट इंडीजच्या साखरेच्या आणि गुलामगिरीच्या पैशावर उभं राहिलं, आणि तिथे आता ते उघडपणे सांगितलं जातं. आपल्या वाचकांना ग्लॉस्टरशायरमधलं सेझिनकोट जवळचं वाटेल. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा केलेल्या माणसासाठी १८०५ च्या सुमारास बांधलेलं हे घर. वर तांब्याचा हिरवट घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, बागेतल्या पुलावर नंदी, आणि आत पाऊल टाकलं की थेट इंग्रजी दिवाणखाना. अजूनही खासगी मालकीचं आहे आणि उन्हाळ्यातल्या ठरावीक दुपारी आत जाता येतं.

अशा कित्येक घरांत खुर्चीवर बसू नये म्हणून पाटी लावत नाहीत. आसनावर एक वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं असतं.