डेटाचे तुकडे कशाला करायचे? पॅकेटमागची पार्श्वभूमी

नेटवर्किंग शिकायला घेतलं की पहिल्या आठवड्यातच ओएसआयचे सात लेयर (नेटवर्कच्या कामाचे सात थर) पाठ करायला लावतात, पोरं ते परीक्षेपुरते करतातही, पण फाइल सलग न पाठवता तिचे तुकडे का करायचे हा अगदी साधा प्रश्न कोणी नीट सोडवून देत नाही. ३ एमबीचा फोटो पाठवला तर त्याची २००० च्या वर पॅकेट, म्हणजे तुकडे, होतात, कारण इथरनेटच्या (वायरवाल्या नेटवर्कच्या) एका फ्रेममध्ये, म्हणजे एका खेपेत, साधारण १५०० बाइटच मावतात आणि त्यातही ४० एक बाइट हेडरमध्ये, म्हणजे पत्ता वगैरे लिहिण्यात, जातात. एवढा खटाटोप कशासाठी? माझं तर मत आहे की हे एक कळलं की बाकीचं नेटवर्किंग आपोआप समजत जातं, आणि ते कळतं इतिहासातूनच.

आधी होता टेलिफोन. मुंबईहून नागपूरला ट्रंक कॉल लागला की मधली अख्खी लाइन तुमच्या नावावर, तुम्ही बोला नाहीतर गप्प बसा, कॉल संपेपर्यंत ती दुसऱ्या कोणाला मिळणार नाही. याला सर्किट स्विचिंग म्हणतात. माणसांच्या बोलण्याला हे चालून जातं. कॉम्प्युटरचं तसं नाही, तो एकदम भसाभस डेटा टाकतो आणि मग बराच वेळ काहीच नाही, म्हणजे लाइन बहुतेक वेळ रिकामी आणि भाडं मात्र पूर्ण.

यावर दोन माणसांनी एकमेकांना न ओळखता जवळपास एकच उत्तर काढलं. अमेरिकेत रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेतला पॉल बॅरन, त्याला काळजी होती अणुयुद्धाची, मधली चार केंद्रं उडाली तरी निरोप पोचला पाहिजे. त्याने १९६४ मध्ये मांडलं की निरोपाचे छोटे ब्लॉक करा, प्रत्येकावर पत्ता लिहा आणि ज्याला जो रस्ता मोकळा मिळेल त्याने जाऊ द्या. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने ते मनावर घेतलं नाही, टेलिफोनवाल्यांना हे चालणारच नाही असं वाटत होतं. (आज व्होएलटीईवर, म्हणजे ४जीच्या कॉलमध्ये, आपला आवाजसुद्धा पॅकेटमधूनच जातो.) दुसरा इंग्लंडमध्ये नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतला डोनाल्ड डेव्हिस. १९६५ मध्ये त्याच्या डोक्यात युद्धबिद्ध काही नव्हतं, एका मोठ्या कॉम्प्युटरवर अनेक लोकांना एकाच वेळी काम करता यावं एवढंच होतं, आणि पॅकेट हा शब्द त्याचाच. दोघांनी धरलेला तुकड्याचा आकारही एकच निघाला, १०२४ बिट! म्हणून इंटरनेट अणुबॉम्बमधून वाचण्यासाठी बनवलं असं जे सगळीकडे छापून येतं ते अर्धवट आहे, तो हेतू बॅरनचा होता, अर्पानेट हे इंटरनेटच्या आधीचं अमेरिकन नेटवर्क मात्र विद्यापीठांनी एकमेकांचे महागडे कॉम्प्युटर वापरावेत म्हणून उभं राहिलं.

अर्पानेटमध्ये प्रत्येक ठिकाणी आयएमपी नावाचं कपाटाएवढं मशीन ठेवलं होतं, पॅकेटला पुढचा रस्ता दाखवणाऱ्या आजच्या राउटरचा पूर्वज, आणि मधल्या लाइन सेकंदाला ५० किलोबिटच्या. २९ ऑक्टोबर १९६९, रात्री साडेदहा. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधून चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या मशीनवर लॉगिन करायला बसला, शेजारी फोन चालूच, एल टाइप केला की पलीकडे पोचला का विचारायचं. एल पोचला, ओ पोचला, जी टाइप केला आणि पलीकडचं मशीन बसलं. तासाभराने दुरुस्त करून पूर्ण लॉगिन झालं. त्या वर्षाअखेर नेटवर्कवर एकूण ४ ठिकाणं होती.

पण अर्पानेटमध्ये पॅकेट नीट पोचवायची जबाबदारी नेटवर्कने स्वतःवर घेतली होती. फ्रान्समध्ये लुई पूझँने सिक्लाड नावाच्या नेटवर्कमध्ये हे उलटं केलं: मधल्या नेटवर्कने काहीच हमी द्यायची नाही, पॅकेट हरवलं, उलटसुलट क्रमाने आलं, तर ते दोन्ही टोकांच्या कॉम्प्युटरने निस्तरायचं. ऐकायला हे बेजबाबदार वाटतं पण मला ही सगळ्यात धाडसी कल्पना वाटते, कारण मधली यंत्रणा त्यामुळे साधी आणि स्वस्त राहते आणि रेडिओ, सॅटेलाइट, केबल काहीही एकमेकांना जोडता येतं. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ च्या पेपरमध्ये हीच दिशा धरली, पुढे त्याचेच टीसीपी (टोकांनी करायचा हिशोब) आणि आयपी (पत्ता आणि रस्ता) असे दोन भाग झाले, आणि १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट त्यावर गेलं.

आणि मग ऑक्टोबर १९८६ मध्ये सगळं तुंबलं. हा भाग पुस्तकात दोन ओळीत उरकतात, खरं तर इथेच थांबून बघायला हवं. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ, अंतर जेमतेम ४०० यार्ड, त्यांच्यातला वेग ३२ किलोबिटवरून ४० बिटवर आला. ४० बिट म्हणजे सेकंदाला ५ अक्षरं, ८० अक्षरांची एक ओळ जायला १६ सेकंद! वायर तुटली नव्हती, मशीन बिघडलं नव्हतं. झालं असं की पोच (पॅकेट मिळाल्याचा उलट निरोप) यायला उशीर झाला की प्रत्येक कॉम्प्युटर समजायचा पॅकेट हरवलं आणि तेच पुन्हा पाठवायचा, म्हणजे आधीच भरलेल्या रांगेत आणखी भर, घाटात ट्रॅफिक जाम झालं की मागचे जसे उलट्या लेनमध्ये गाड्या घुसवतात अगदी तसं. लाइन पूर्ण भरलेली, पण त्यात बरीचशी त्याच त्याच पॅकेटची कॉपी.

व्हॅन जेकबसन त्या लॅबमध्येच होता. त्याने आणि माइक कॅरल्सने राउटर बदलले नाहीत, वायर वाढवली नाही, फक्त टोकांच्या कॉम्प्युटरमधला टीसीपीचा कोड सुधारला. सुरुवात एकाच पॅकेटने करायची, पोच आली की दोन, मग चार, असं वाढवत न्यायचं, आणि पॅकेट हरवलं की समजायचं रस्ता भरलाय, लगेच हात आखडायचा. पोच यायला किती वेळ थांबायचं त्याचा हिशोबही नीट बसवला. १९८८ मध्ये त्यांचा पेपर आला. म्हणजे नेटवर्क तुम्हाला थांबवत नाही, तुमचा कॉम्प्युटर स्वतःहून थांबतो, आणि सगळे थांबतात म्हणून सगळ्यांचं चालतं.

याच वर्षांत आपल्याकडे एरनेट, म्हणजे शिक्षण-संशोधन संस्थांचं नेटवर्क, सुरू होत होतं, १९८६ मध्ये, त्यात पाच आयआयटी, बंगळूरचं आयआयएससी आणि मुंबईत जुहूचं एनसीएसटी ही सॉफ्टवेअरची संशोधन संस्था. एनसीएसटीचे डॉ. श्रीनिवासन रमणी यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. बाहेरच्या जगाशी लिंक एनसीएसटीमधूनच, अमेरिकेपर्यंतची लीज्ड (भाड्याची) लाइन सेकंदाला ९६०० बिटची, आणि तेवढ्यावर देशभरातल्या संस्थांची परदेशी मेल. लाइन तुमच्या एकट्याच्या नावावर नसते म्हणूनच हे शक्य होतं, सगळ्यांची पॅकेट एकाच बारीक वायरमधून एकामागून एक जायची. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीकडून.

एक गोष्ट मात्र बराच काळ अडत राहिली. पॅकेट हरवलं म्हणजे गर्दी, हे वायरच्या काळातलं गणित. मोबाइलवर सिग्नल कमजोर असला तरी पॅकेट हरवतं, रस्ता मोकळा असतो आणि तरी पाठवणारा उगाच वेग कमी करतो. म्हणून २०१६ मध्ये गूगलमधल्या लोकांनी बीबीआर नावाची वेगळी पद्धत काढली, ती हरवलेली पॅकेट मोजत बसण्याऐवजी लाइनचा खरा वेग आणि लागणारा वेळ मोजते. त्या पेपरच्या लेखकांमध्ये व्हॅन जेकबसनचंही नाव आहे.